ॲशच्या झाडावरचा बारा तोंडांचा सापळा

मी एक जुना सापळा आहे. उंदरांचा नव्हे, किड्यांचा. न्यूझीलंडमधल्या लोअर हट या गावी दर रविवारी एका सभागृहात मराठी शाळा भरते, तिथल्या खिडकीला सध्या मी टांगलेला असतो. एकाखाली एक अशी बारा हिरवी नरसाळी, ती सांधणाऱ्या दोऱ्या आणि सगळ्यांत खाली फिरवून काढता येणारा एक छोटा डबा, असा माझा अवतार आहे. नवी मुले मला दिवा समजतात. मागच्या महिन्यात कोणीतरी माझ्या वरच्या नरसाळ्यात खाऊन उरलेले सफरचंद टाकले. मी रागावलो नाही. माझे काम काय होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मी कचऱ्याची टोपलीच वाटणार. म्हणून मित्रांनो, आज माझी गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या रंगावर फार मेहनत घेतली गेली. उन्हात धरलेल्या कोवळ्या पानाचा जो हिरवा रंग असतो, तोच मला दिला गेला. नरसाळ्यांना आतून असा लेप लावला, की एकदा आत आलेल्या किड्याचा पाय ठरू नये आणि तो घसरत घसरत थेट डब्यात जावा. मग मला एक छोटी पुडी मिळाली. तिला नुकत्याच कापलेल्या पानांचा वास येत असे. इतका थाटमाट एकाच पाहुण्यासाठी होता. तो पाहुणा कधीही येऊ नये, असे मात्र सगळ्यांनाच वाटत होते.

त्या पाहुण्याबद्दल आधी सांगायला हवे. ॲश नावाचे एक उंच, शांत झाड असते. त्याचे लाकूड चिवट असते. हातोड्याचे दांडे त्याचे करतात आणि तुम्ही क्रिकेट खेळता तेव्हा मागे उभे असलेले स्टंपही बहुधा त्याचेच असतात. या झाडाचा एक वैरी आहे. तो म्हणजे पाचूसारखा चमकणारा, तुमच्या करंगळीच्या नखापेक्षा जरासा लांब असा एक भुंगेरा. दिसायला इतका देखणा, की दागिन्यात जडवावा. पण त्याची अळी झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे खणत जाते. मुळांकडून वर जाणारे पाणी आणि पानांकडून खाली येणारे अन्न यांच्या वाटाच ती तोडून टाकते. बाहेरून झाड ठणठणीत दिसते आणि आतून उपाशी मरत असते. सालीवर अर्ध्या चंद्राच्या आकाराची बारीक भोके दिसू लागतात, तोवर बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. हा भुंगेरा मूळचा आशियातला. अमेरिकेत तो लाकडी खोक्यांमधून पोचला असावा असे म्हणतात. तिथली कोट्यवधी ॲशची झाडे त्याने संपवली. न्यूझीलंडमध्ये तो आलेला नाही. आलाच तर लगेच कळावे, म्हणून मी.

मला लोअर हटला आणले इशिताताईने. ती मूळची पुण्याची. किड्यांचा अभ्यास करून इथल्या झाडांच्या रक्षणाच्या कामाला लागलेली. तिला एक मोठे, उन्हातले ॲशचे झाड हवे होते. तसे झाड आरोहा आजींच्या परसात होते.

आरोहा आजी माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. या घरात राहायला आले त्या वर्षी त्यांनी ॲशचे हे रोप लावले. "मोठं झालं की कापीन आणि जन्मभर पुरतील इतके हातोड्याचे दांडे करीन," असे ते म्हणत. झाड मोठे झाले. दर हिवाळ्यात ते कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभे राहायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी." असे म्हणता म्हणता ते गेले. झाड राहिले.

आजींचे गुडघे दुखत असल्यामुळे मला खाली घेणे, वर चढवणे हे काम शेजारच्या राजाराम आजोबांनी आपणहून घेतले. आजोबा वाईच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते आणि सुनीता आजी इथे मुलाकडे राहायला आले. त्यांची सून सानिका हॉस्पिटलमध्ये नर्स, मुलगा रोज आगगाडीने वेलिंग्टनला कामाला जाणारा. त्यामुळे घरात दिवसभर आजोबा, आजी आणि शाळेतून आल्यावर सहा वर्षांची सिद्धी. सिद्धीला मराठी सगळे कळते, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. आजोबा म्हणतात, "चालेल. आधी कानात जाऊ दे, मग जिभेवर येईल."

दोन घरांच्या मधल्या कुंपणात एक छोटे फाटक आहे. त्या फाटकातून एक निळे भांडे सतत ये-जा करत असे. आरोहा आजी त्यातून लिंबे नाहीतर फिजोआची फळे पाठवायच्या, सुनीता आजी त्याच भांड्यातून रव्याचे लाडू नाहीतर चिवडा. ते भांडे मुळात कोणाचे होते, हे आता दोघींपैकी कोणालाच आठवत नाही. आरोहा आजी आजोबांना 'राजा' अशी हाक मारायच्या. पहिल्यांदा ती हाक ऐकून सुनीता आजी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

"चाळीस वर्षं संसार केला, पण मला कधी यांना राजा म्हणायचं सुचलं नाही! आणि ही बघा, कुंपणावरून खुशाल!"

"तू प्रधानाला बोलवावं तसं 'अहो' म्हणतेस," आजोबा म्हणाले. "शेजारणीला तरी माझी किंमत कळली."

दर पंधरवड्याच्या शनिवारी आजोबा दोरी सैल करून मला खाली घ्यायचे. सिद्धी डबा फिरवून काढायची. आत काय सापडले ते दोघे बघायचे आणि मग दुसरा, धुतलेला डबा मला लावायचे. काढलेला डबा इशिताताई पुढच्या फेरीत घेऊन जायची.

एकदा ताईने हा धुतलेला डबा लावायच्या आधी उघडून पाहिला आणि ती चक्रावली.

"काका, यात साखर कुठून आली?"

आजोबांनी सुनीता आजींकडे पाहिले. आजी अगदी सहज म्हणाल्या, "मी घातली. धुतलेला डबा तसाच रिकामा कसा द्यायचा गं? शेजारणीचं भांडंसुद्धा आपण रिकामं परत करत नाही. चिमूटभर साखर तरी हवीच."

"काकू, अहो, अख्ख्या लोअर हटच्या गांधीलमाश्यांचं संमेलन भरेल इथे!"

"भरू दे. अध्यक्ष म्हणून यांना बसवू."

सगळे हसले. ताईने डबा पुन्हा धुवायला लावला. आजोबांच्या मागे उभी राहून सिद्धी हे सगळे ऐकत होती. ती मात्र हसली नाही. डबा रिकामा द्यायचा नसतो, ही गोष्ट तिच्या मनात पक्की बसली.

मित्रांनो, माझे कामाचे उन्हाळे असे गेले. मुंग्या आल्या, कोळी आले, वाट चुकलेले पतंग आले. एकदा वेटा नावाचा इथला तो मोठ्या पायांचा नाकतोडा माझ्या वरच्या नरसाळ्यात झोपायला आला आणि सुनीता आजींची किंकाळी थेट रस्त्यापर्यंत गेली. पण ज्याच्यासाठी मला घडवले, तो आला नाही. दर वेळी डबा बघून सिद्धी पडलेल्या चेहऱ्याने सांगायची, "आजोबा, एम्प्टी अगेन."

"छान!" आजोबा म्हणायचे.

"व्हॉट्स सो छान अबाउट इट?"

"असं बघ, सिद्धी. रात्रभर राखणदार जागला आणि चोर आलाच नाही. मग राखणदाराचं जागणं फुकट गेलं का?"

सिद्धीने विचार केला. मग माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "बट ही लुक्स सॅड."

खरे सांगू? माझ्याबद्दल कोणाला वाईट वाटू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मला इतके बरे वाटले, की मी वाऱ्यावर जरा जास्तच हललो.

पुढे डिसेंबर आला. इथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. शाळा संपत आल्या होत्या. सिद्धीच्या शाळेच्या कुंपणाशी मानुकाची झुडपे आहेत. ती पांढऱ्या फुलांनी भरली होती. एका शनिवारी आजोबांनी मला खाली घेतले आणि खिसे चाचपत म्हणाले, "चष्मा घरातच राहिला वाटतं. थांब हं, आलोच. तोवर तू डबा काढून ठेव."

ते फाटकातून गेले. सिद्धीने डबा फिरवून काढला. नेहमीच्या दोन-चार माश्या होत्या, बाकी काही नव्हते. मग तिने खिशातून एक छोटी डबी काढली. तिच्यात कापसावर एक भुंगेरा होता. मेलेला, पण रंग अजून झळाळता हिरवा. वर्गाच्या खिडकीत तिला तो सापडला होता. तिने तो अलगद उचलला आणि माझ्या डब्यात किडे कुजू नयेत म्हणून घातलेल्या औषधी पाण्यात सोडला.

"फॉर यू," ती माझ्या कानाशी कुजबुजली. सापळ्याला कान नसतात, पण ती जिथे कुजबुजली तिथे तो आहे असे मला तेव्हापासून वाटते. "नाऊ यू आर नॉट एम्प्टी."

मित्रांनो, माझी तोंडे बारा, पण बोलता एकानेही येत नाही. आजोबा चष्मा लावत परत आले, त्यांनी डब्यात पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सिद्धी, आजीला हाक मार," ते हळूच म्हणाले. "आणि माझा फोन आण."

"ही गॉट वन!" सिद्धी टाळ्या वाजवत उड्या मारत होती. तिला वाटले होते, आता सगळे हसतील. पण कोणीच हसले नाही. आजोबांनी भुंगेरा चमच्याने पांढऱ्या बशीत घेतला. ओला होऊन तो गडद हिरवा दिसत होता आणि त्याच्या मिशा तुटल्या होत्या. त्यांनी फोटो काढून ताईला पाठवला. लगेच तिचा फोन आला. आजोबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"काका, रंग जुळतोय. आकारही साधारण तेवढाच. पण फोटोत नुसती पाठ दिसते. मिशा असत्या तर आत्ताच सांगितलं असतं. मी कामासाठी नेल्सनला आलेय, सोमवारी सकाळी पोचते."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"किडा पुन्हा डब्यात घालून डबा घट्ट बंद करा. सापळा वर चढवून ठेवा. आणि या झाडाची एक काडीही आवाराबाहेर जाऊ देऊ नका. सरपण तर मुळीच नाही. हा भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही, काका. तो माणसांच्या गाडीतून जातो, लाकडात बसून."

"आणि खराच निघाला तर?"



"तर ते झाड ठेवता येणार नाही. रस्त्यावरची इतर ॲशही तपासावी लागतील. पण आधी खात्री करू. तुम्ही कळवलंत, हे फार बरं केलंत."

सिद्धीच्या उड्या थांबल्या. ती आजीच्या पदराआड गेली.

आजोबा आणि आजी दोघे मिळून आरोहा आजींना सांगायला गेले. त्या दिवशी निळे भांडे मात्र कोणी नेले नाही. आरोहा आजींनी शांतपणे सगळे ऐकले. मागच्या हिवाळ्यात छाटलेल्या ॲशच्या फांद्यांचे सरपण त्यांच्या खोपटाशी रचून ठेवलेले होते आणि ते न्यायला त्यांचा पुतण्या त्याच दुपारी गाडी घेऊन येणार होता. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला.

"येऊ नकोस. नाही, एक ओंडकासुद्धा नाही... हो, मला माहीत आहे किडाच आहे. तुझ्याकडे नदीकाठी किती ॲश आहेत, मोजलीस का कधी? मग येतो म्हणू नकोस."

फोन ठेवून त्या आजोबांना म्हणाल्या, "राजा, तू असा चेहरा करू नकोस. किडा काही तू आणला नाहीस."

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझ्या मनातले एक सांगतो. त्या दोन दिवसांत मला फार मान मिळाला. सानिका कामावरून आली तशी कपडेसुद्धा न बदलता मला बघायला आली. सिद्धीच्या बाबांनी माझे फोटो काढले. जो तो मान वर करून माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षे मी याचीच तर वाट पाहत होतो! पण मी ज्या फांदीला लटकलो होतो, तिचे हलणे मला आत खोलवर कळत होते. पाने नेहमीसारखी सळसळत होती. झाडाला काहीच ठाऊक नव्हते. त्यामुळे तो मान मला गोड लागेना.

रविवारी सकाळी आरोहा आजी झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. सुनीता आजींनी थालीपीठ आणि चहा नेला. मग त्या आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "तोडायची वेळ आली, तर तू आमच्याकडे येऊन बस. आवाज ऐकू नकोस."

"नाही सुनी. मी इथेच थांबणार. त्याने लावताना मी रोप धरलं होतं. जाताना हात सोडून कसं चालेल?" त्यांनी मान वर करून शेंड्याकडे पाहिले. "पण जायचं असेल तर लवकर जाऊ दे. या एकामुळे रस्त्यावरची सगळी जायला नकोत."

सिद्धी त्या सकाळी बाहेर आली नव्हती. "पोट दुखतंय," असे तिने आईला सांगितले होते. सानिकाने पोट दाबून पाहिले, ताप पाहिला. काहीच नव्हते. मग ती म्हणाली, "बरं, पड जरा."

दुपारी आरोहा आजींनी आजोबांना शिडी घेऊन बोलावले.

"हा झोका काढून ठेवू या, राजा."

माझ्या शेजारच्या जाड फांदीला एक झोका होता. आरोहा आजींची नातवंडे मोठी होऊन ऑकलंडला गेल्यापासून तो सिद्धीचाच झाला होता.

"आत्ताच कशाला? उद्या ताई येऊ दे," आजोबा म्हणाले.

"उद्या माणसं येतील, करवती येतील. त्यांनी ओढून तोडण्यापेक्षा आपण हाताने सोडू. झाडाचं ओझं आपण उतरवावं."

आजोबा शिडीवर चढले. त्यांचा हात गाठीपाशी पोचला, तोच फाटक धाडकन वाजले. सिद्धी अनवाणी पळत आली होती. तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नको! आजोबा, नको!"

आजोबा वरून म्हणाले, "बाळा, आपण दुसरीकडे बांधू झोका."

"नॉट द झोका!" ती हुंदके देत होती. "मी टाकला. मी टाकला त्याला!"

"कोणाला?"

"तो हिरवा! आय फाउंड हिम ॲट स्कूल. तो मेला होता. मी डब्यात टाकला."

आजोबा एकेक पायरी सावकाश उतरले आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. त्यामुळे त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. सिद्धीने डोळे मिटून घेतले होते. ते रागावतील असे तिला वाटत होते. मलाही वाटले होते.

"का टाकलास?" त्यांनी विचारले. आवाज अगदी नेहमीचा होता, विज्ञानाचा प्रश्न विचारताना असतो तसा.

"त्याचा डबा एम्प्टी असतो. नेहमीच. आणि आजी म्हणते, डबा रिकामा द्यायचा नसतो."

सुनीता आजींनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! म्हणजे मीच की गं गुन्हेगार!"

आरोहा आजींना मराठी कळत नव्हते. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. आजोबांनी त्यांना इंग्रजीतून सगळे सांगितले. त्या रडणार असे वाटले आणि त्या हसल्या. हसता हसता रडल्याही. मग त्यांनी हात पसरले. सिद्धी जाऊन त्यांच्या मांडीत शिरली.

"तू सापळ्याला भेट दिलीस?" त्या म्हणाल्या. "माझ्या राणी, इतका मान या प्लॅस्टिकला आजवर कोणी दिला नसेल."

थोड्या वेळाने सुनीता आजी म्हणाल्या, "अहो, मग त्या इशिताला फोन करा ना. बिचारी एवढ्या लांबून येतेय. म्हणावं, येऊ नकोस."

"येऊ दे," आजोबा म्हणाले. "फोन करतो, पण 'येऊ नकोस' असं नाही सांगणार. हा किडा कुठला, हे अजून कोणाला माहीत आहे? सिद्धीला तो शाळेत मिळाला. समजा खराच असला, तर?"

हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. आरोहा आजींनी सिद्धीला जरा आणखी जवळ घेतले.

आजोबांनी फोन लावला आणि तो सिद्धीच्या हातात दिला. "तू सांग ताईला. तुला माहीत आहे तसं."

सिद्धीने सांगितले. अडखळत, नाक ओढत, अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत. पण खिडकी कोणती, वार कोणता, बाहेर झुडूप कोणते, हे सगळे तिने नीट सांगितले. पलीकडून ताई म्हणाली, "थँक यू, सिद्धी. मला आता दोन ठिकाणी बघावं लागेल आणि दोन्ही ठिकाणं मला आधीच कळली. सोमवारी भेटू हं."

सोमवारी इशिताताई आली. तिने आधी खिशातले भिंग काढले आणि भुंगेरा कागदावर घेतला. सगळे तिच्याभोवती वाकले. तिने सुईच्या टोकाने त्याचा पंख उचलला.

"इकडे ये, सिद्धी. आपल्याला ज्याची भीती आहे ना, त्याच्या पंखाखालचं पोट तांब्याच्या तांब्यासारखं असतं. लालसर, चकचकीत. आणि अंगाने तो सडपातळ, चवळीच्या शेंगेसारखा. याचं पोट तसं आहे का?"

"नो."

"आणि हा कसा आहे?"

"जाडू."

"जाडू! आणि ही पाठीवरची पिवळसर रेघ बघ. हा मानुकाचा भुंगेरा आहे. इथलाच, या मातीतला. मानुकाच्या फुलांशी तुला असे ढीगभर दिसतील. हा परका नाही, घरचा आहे."

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ओशाळून ते म्हणाले, "मी उगाच सगळ्यांना घाबरवलं. दोन दिवस तुझी धावपळ झाली. पोट बघायचं मला सुचलंच नाही."

"काका, असं म्हणू नका." ताईने भिंग खाली ठेवले. "लोक मला रोज असे फोटो पाठवतात. बहुतेक वेळा घरचाच कोणीतरी निघतो. त्या फोनना मी कंटाळत नाही. मला भीती वाटते ती, लाजेपोटी केल्या न जाणाऱ्या फोनची."

तरीही ती लगेच गेली नाही. सिद्धीचे बोलणे तिने मानले होते, पण झाड तिने स्वतः पाहिले. साल बोटांनी चाचपली, शेंडा दुर्बिणीतून पाहिला, खोपटाजवळचे ओंडके एकेक करून फिरवले. सिद्धी तिच्या मागे मागे होती. नंतर दोघी शाळेत जाऊन खिडकी आणि झुडपेही बघून आल्या. मानुकाच्या फुलांवर त्या भुंगेऱ्याचे भाऊबंद मजेत बसलेले होते.

"ऑल गुड?" आरोहा आजींनी फाटकाशी उभे राहून विचारले.

"स्वीट ॲज," ताई म्हणाली. इथल्या बोलीत याचा अर्थ, सगळे झकास.

आरोहा आजी वळल्या, झाडाजवळ गेल्या आणि त्याच्या खोडावर तळहात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या का? बोलल्या. पण ते त्यांच्या भाषेत होते आणि झाडासाठी होते, म्हणून मी ते सांगत नाही.

त्यानंतर मी आणखी काही उन्हाळे त्या फांदीवर काढले. हळूहळू उन्हाने माझा हिरवा रंग विटला. आतला लेप निघाला आणि किडे माझ्या नरसाळ्यांवरून आरामात चढून जाऊ लागले. सापळ्याचे म्हातारपण असेच येते. त्या झाडावर आता नवा सापळा आहे. मला टाकून देणार होते, पण आजोबांनी मागून घेतले आणि या शाळेत आणून टांगले. सिद्धी आता मोठी झाली आहे. लहान मुलांना ती मराठीतून, न अडखळता समजावते, की परदेशातून येताना लाकडाच्या वस्तू, बिया, रोपे बॅगेत लपवून आणू नयेत, विमानतळावर आपण होऊन दाखवाव्यात. कोणी म्हणते, "एवढीशी तर वस्तू!" तेव्हा ती करंगळीचे नख दाखवते.

मित्रांनो, मी आता कोणालाच पकडू शकत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणे मागतो. तुमच्या घराजवळचे कोणतेही एक झाड निवडा आणि त्याच्याशी ओळख करा. त्याची साल कशी आहे, शेंडा किती दाट आहे, पाने कधी येतात आणि कधी झडतात, हे येता-जाता बघत जा. झाडाला दुखले तर ते रडत नाही. आजारी माणसाचा उतरलेला चेहरा जसा घरच्यांनाच आधी कळतो, तसेच झाडाचे आहे. ज्याची ओळख आहे त्यालाच कळेल. आणि काही वेगळे दिसले, एखादा अनोळखी किडा, एखादे अर्ध्या चंद्रासारखे भोक, तर लगेच मोठ्या माणसांना सांगा. हातून काही चूक झाली असेल तर तीही सांगा. कदाचित काहीच निघणार नाही. सगळे तुम्हाला हसतील.

हसू द्या. झाड उभे असले, म्हणजे त्याच्या सावलीत बसून हसता येते.